पेट्रोल विमानाचा कॅन आणि पंप: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रिमोटवर उडवायच्या मॉडेल विमानात कॅनमधून पेट्रोल भरायचा माझा इलेक्ट्रिक पंप परवा परत गळला म्हणून लिहायला बसलोय. ३० सीसीचं पेट्रोल इंजिन, तीन लाईनची टाकी, क्लंक (टाकीतल्या नळीचं वजनदार टोक) वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते ओ-रिंगबद्दल, म्हणजे पंपाच्या शाफ्टभोवती गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगबद्दल. कॅन-पंप घेताना लोक लिटर, व्होल्ट, मिनिटाला किती मिली हे विचारतात, आत रबर कुठलं आहे हे कोणी विचारत नाही, आणि सगळा खेळ तिथंच आहे.

पंप ऑनलाईन मागवलेला. १२ व्होल्टचा गिअर पंप, दोन्हीकडे फिरतो, बॉक्सवर नायट्रो (मॉडेल इंजिनचं मिथेनॉलवालं इंधन), पेट्रोल, केरोसीन तिन्ही छापलंय. सुरुवातीला लई भारी वाटला, टाकी बघता बघता भरायची आणि फ्लाईंग संपलं की उलटा फिरवला की राहिलेलं मिक्स कॅनमध्ये परत. मला हेच पाहिजे होतं, कारण पेट्रोल शंभरच्या वर, त्यात चांगलं सिंथेटिक टू-स्ट्रोक ऑईल ३२ला १ म्हणजे लिटरला ३१ मिली घालायचं, आणि ते टाकीत उडून जाऊ द्यायचं म्हणजे जीवावर येतं राव. पण उन्हाळ्यातच शाफ्टपाशी ओल दिसायला लागली, तीसुद्धा मोटरच्या बाजूला. ब्रशची मोटर आहे, आत ठिणग्या पडतातच, आणि तिच्यातच पेट्रोल झिरपतंय, म्हणजे हे थोडं गळतंय म्हणून चालवून घेण्यासारखं नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, पेट्रोल वापरलंय म्हणून वॉरंटी बसत नाही. अहो, बॉक्सवर छापलंय की! तर म्हणे ते साधं पेट्रोल, इथेनॉलवालं नाही. मग आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं ई२० येतंय, तुमचं ते साधं पेट्रोल कोल्हापुरात कुठल्या पंपावर घेऊ तेवढं सांगा म्हटलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आपल्या जिल्ह्यात तर आपल्याच उसाच्या मळीचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जाणार हे काय लपून राहिलेलं नाही, मग इथं माल विकताना तेवढा विचार नको का करायला?

शेवटी पंप मीच खोलला. ओ-रिंग फुगून खाचेतून बाहेर आलेली, बोटानं दाबली तर चिखलासारखी मऊ. ती घेऊन उद्यमनगरात सीलच्या दुकानात गेलो, मालकांनी नखानं दाबली आणि म्हणाले, "नायट्राईल हाय ही. व्हायटॉन घाला, काय होत न्हाई." ही दोन्ही रबरं, व्हायटॉन नायट्राईलपेक्षा महाग आहे पण तरी दोन चहाच्या पैशात येते. तेवढे पैसे कंपनीनं आधीच घातले असते तर हे सगळं झालंच नसतं. रिंग बसवल्यावर पंप कोरडा ठणठणीत, आणि तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलेलो की हाच घ्या, फक्त रिंग बदला.

पावसाळ्यानंतर मत बदललं. इथं कॅनचा विषय येतो.

कॅन पाच लिटरचा पत्र्याचा, दिसायला मजबूत, आणि उन्हाळ्यात काही तक्रार नव्हती. व्हेंटच्या (हवेच्या भोकाच्या) स्क्रूखाली वॉशर नाही, त्यामुळं तो कितीही आवळला तरी हवा आत-बाहेर होते. पाऊस सुरू झाल्यावर माळावर उडवायला जाणं बंद, कॅन अर्धा भरलेला, गच्चीवरच्या शेडमध्ये. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे, कपडे वाळत नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गणपती झाल्यावर कॅन उघडून काचेच्या मापात थोडं काढलं तर खाली गढूळ थर वेगळा झालेला आणि त्यात तांबेऱ्याचे कण. वरच्या थरात पेट्रोल आणि ऑईल, खालच्या थरात पाणी आणि इथेनॉल, आणि कॅनमधली नळी कुठून ओढते? तळातून. म्हणजे आधी टाकीत जाणार ते बिनऑईलचं पाणी. बेअरिंगचं काय होईल सांगायला नको. वरचं पेट्रोल पार्ट धुवायला काढून ठेवलं, इंजिनात घालायचं नाही, इथेनॉल निघून गेल्यावर ऑक्टेनसुद्धा पडलेला असतो.

परवाची गळती याच पाण्याची. ह्या वेळी ओ-रिंगचं रबर चांगलं होतं, पण शाफ्टलाच गंज धरून खड्डे पडलेले, त्या खड्ड्यांनी रिंग कापली. शाफ्ट साध्या स्टीलचा आहे. लेथवर स्टेनलेसचा करून देतो म्हणाला एकजण, पण त्याची मजुरी ऐकल्यावर नको म्हटलं, त्यात थोडी भर घातली की हातपंप येतो.

आणि हातपंपच आणला. हँडल फिरवायचा साधा गिअर पंप, चार स्क्रू काढले की पूर्ण मोकळा होतो, शाफ्ट स्टेनलेसचा, आणि आणल्याबरोबर पहिलं काम म्हणजे रिंग बदलून व्हायटॉनची घातली. वेळ जरा जास्त लागतो, पण बॅटरी नको, ठिणगी नाही, आणि टाकी भरत आली की हाताला कळतं. फिल्टर चोंदायला लागला तरी हँडल जड लागतं, इलेक्ट्रिक पंपात हे कधीच समजायचं नाही. फिल्टरवर पैसे वाचवू नका, कारण पेट्रोल इंजिनच्या कार्बोरेटरमध्ये बारीक जाळी असते, तांबेऱ्याचा कण तिथं अडकला की इंजिन लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि विमान हवेत असताना बंद पडतं.

कॅन आता जाड एचडीपीई प्लास्टिकचा, लाल, झाकणात व्हेंट वेगळा आणि त्याला वॉशर. खाद्यतेलाचा रिकामा कॅन वापरणारे आहेत, कृपा करून नको, झाकण धड बसत नाही आणि उन्हात फुगतो. एप्रिलमध्ये कॅन गरम झाला की आत दाब तयार होतो आणि पाईपाची क्लिप काढली की पेट्रोल पंपातून आपोआप ढकललं जातं, गिअर पंप काही वॉल्व्ह नाही, म्हणून आधी व्हेंट उघडा. कॅन विमानापेक्षा खाली, जमिनीवर ठेवा, वर ठेवला तर पंप थांबवल्यावरसुद्धा सायफन होऊन वाहत राहतं. पेट्रोल भरून घेतानासुद्धा प्लास्टिकचा कॅन गाडीच्या फूटबोर्डवर ठेवायचा नाही, खाली ठेवायचा, स्टॅटिकचा प्रश्न असतो. पंपावरचे लोक कॅन बघून नाही म्हणतात, पण नीट कॅन दाखवून सांगितलं तर माझ्या ओळखीच्या पंपावर देतात.

पाईप पिवळा टायगॉनच (इंधनासाठीचा लवचिक प्लास्टिक पाईप). सिलिकॉनचा नायट्रोसाठी ठीक, पेट्रोलमध्ये फुगून निप्पलवरून निसटतो. न्यूमॅटिकचा (दाबाच्या हवेचा) पीयू पाईप शिरोलीत स्वस्त मिळतो म्हणून लावून बघितला, महिन्याभरात कडक. टायगॉनसुद्धा कडक होतोच, पण सावकाश.

आता मिक्स लागेल तेवढंच करतो, दोन लिटरच्या वर नाही, आणि राहिलंच तर जवळजवळ भरेल इतक्या छोट्या डब्यात ओततो म्हणजे आत हवा फारशी राहत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे बघायचं असेल तर १०० मिलीच्या मापात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल हलवून ठेवा, ऑईल घालायच्या आधी. ई२० असेल तर खालचा पाण्याचा थर १० वरून २७-२८ च्या आसपास जातो. घरात नको, बाहेर मोकळ्यावर करा.

जुना इलेक्ट्रिक पंप विकणार नाही, गळका माल दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा नाही. व्हायटॉनच्या रिंगा मात्र दुकानदारानं पाकीटच दिलंय, सुट्ट्या देत नव्हता, त्यामुळं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं कोणाला पाहिजे असतील तर पंपाचं माप कळवा, बसत असेल तर देतो, पैसे नकोत.