गाळ उपसावा की वाहू द्यावा?

धरणातला गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेपुढे किंवा पाणीवापर संस्थेपुढे येतो, तेव्हा चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: साठा किती वाढेल? प्रश्न रास्तच आहे. पण धरणाच्या भिंतीखाली जी नदी उरते, तिचा त्याच गाळाशी वेगळा हिशेब असतो, आणि मार्ग निवडताना हे दोन्ही हिशेब शेजारीशेजारी मांडावे लागतात.

पुराचे पाणी माती, वाळू आणि गोटे घेऊन येते. जलाशयात शिरताच त्याचा वेग मोडतो. जाड वाळू फुगवट्याच्या तोंडाशीच बसते आणि बारीक चिकणमाती पार भिंतीपर्यंत पोहोचते. सांडव्यावरून खाली पडणाऱ्या पाण्यात वाहून नेण्याची ताकद तशीच असते, मात्र नेण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून ते पुढच्या पात्रातली वाळू उचलते आणि काठ खाते. अशा नदीवरच्या जुन्या पुलाखाली उन्हाळ्यात उभे राहिले, तर बांधताना वाळूत गाडलेला खांबांचा पाया उघडा पडलेला दिसतो. पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणीही खाली सरकते, आणि त्याच पट्ट्यात वाळूउपसा चालू असेल तर ही झीज आणखी वेगाने होते.

पहिला मार्ग उपशाचा. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तो गावोगाव परिचित झाला आहे. पाझर तलाव आणि लघुप्रकल्पांसाठी तो मला निःसंशय चांगला वाटतो, कारण साठाही वाढतो आणि हलक्या रानाला सुपीक मातीही मिळते. मात्र ट्रॅक्टर भरण्यापूर्वी ओला गाळ तळहातावर चोळून पाहावा: बोटांना लोण्यासारखा लागला तर तो शेताचा, खरखरला तर त्यात वाळू आहे आणि ती शेताच्या उपयोगाची नाही. मोठ्या धरणाला मात्र हा मार्ग आकाराने पुरत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. एका हायवा डंपरात १४ घनमीटर गाळ धरला, तर एवढ्या एकाच टीएमसीसाठी वीस लाख खेपा होतात, आणि दर पावसाळ्यात नवा गाळ येतच राहतो. शिवाय उपसलेला कण शिवारात जातो, नदीत परतत नाही. त्यामुळे खालची धूप या मार्गाने थांबत नाही.

दुसरा मार्ग गाळ साचूच न देण्याचा, आणि त्याची सर्वांत स्पष्ट तुलना नाईल नदीवरच पाहायला मिळते. अस्वानचे जुने धरण १९०२ साली पूर्ण झाले तेव्हा त्याला १८० दरवाजे होते. पुराचे गढूळ पाणी त्यांतून जाऊ देत आणि पूर ओसरू लागल्यावर येणारे निवळ पाणी अडवीत. १९७० साली पूर्ण झालेल्या उंच धरणाने पूरच साठवला. इजिप्तला बारमाही पाणी आणि वीज मिळाली, पण नदीचा जवळजवळ सगळा गाळ नासर जलाशयात अडकला आणि नाईलच्या रोझेटा फाट्याच्या मुखाशी समुद्र किनारा खात आत आला, इतका की तेथे संरक्षक भिंती उभाराव्या लागल्या.

चीनमध्ये पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणाची कथा अधिक बोलकी आहे. तळाची दारे उघडी ठेवा, असा आग्रह हुआंग वानली या जलतज्ज्ञांनी धरला होता, तरी ती काँक्रीटने बुजवली गेली. १९६० साली पाणी अडवताच जलाशय झपाट्याने गाळाने भरू लागला, आणि पुढे तीच दारे फोडून पुन्हा उघडावी लागली. १९७३ पासून तेथे निवळ पाणी साठवून गढूळ पाणी सोडण्याची पद्धत पाळली जाते. हे तत्त्व आपल्याला परके नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढतात आणि पूर सरल्यावर पुन्हा घालतात, ते याचसाठी.

तरीही हा मार्ग सर्वत्र लागू होत नाही. अरुंद, उताराच्या जलाशयात सोडलेले पाणी तळ धुऊन नेते. जायकवाडी धरणाच्या नाथसागरासारख्या पसरट जलाशयात ते स्वतःच्या रुंदीएवढी नळी कोरून निघून जाते आणि बाजूचा गाळ तसाच राहतो. जायकवाडीत जूनचे पाणी सोडायचे आणि नंतर पाऊसच न झाला, तर मराठवाड्याने काय करावे, या शंकेला माझ्या मते उडवून लावता येत नाही. साचलेला गाळ एकदम सोडला तर खालचे मासे गुदमरतात, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा मार्ग कमी चर्चेत असतो: खाली नदीला तिचा खुराक हाताने द्यायचा. जर्मनीत ऱ्हाईन नदीवर इफेत्सहाइम बंधाऱ्याखाली १९७८ पासून बार्जमधून गोटेवाळू पात्रात टाकतात. खर्च कायमचा असतो, पण पात्र खचणे त्यामुळे आवरता येते.

म्हणून निर्णय तलावाचा असेल तर मी उपशाला हात वर करीन. धरण अजून कागदावर असेल, तर तळदरवाज्यांची मागणी संकल्पचित्र कायम होण्याआधीच करावी, कारण भिंत उभी राहिल्यावर ते काम अतिशय अवघड आणि महाग होते. पसरट, बांधून झालेल्या धरणावर मात्र भिंतीखालच्या पट्ट्यातला वाळूउपसा आधी थांबवावा, आणि पुलांपाशी पात्राचे काटछेद, म्हणजे आडव्या रेषेवरची खोली, दर उन्हाळ्यात मोजून घेण्याचा मुद्दा ठरावातच लिहून घ्यावा.