आठ यार्डांचा हातशिलाईचा किल्ट: वर्षभराच्या वापरानंतर

एडिनबरात राहून किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घेर, शिवून घेतला हे कळलं की ओळखीचे लोक आधी किंमत विचारतात आणि मग म्हणतात, "पण घालतोस तरी कधी?" किमतीचं पुढे सांगतो. घालतो मात्र सारखा. शनिवारी बाजारहाट करताना, मित्राकडे जेवायला जाताना, आर्थर्स सीटची टेकडी चढताना, आणि अर्थातच लग्नांना, बर्न्स नाइटला (कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतली जेवणाची रात्र). किल्ट समारंभापुरता कपाटात जपून ठेवू नये, अंगावर वागवावा, असं माझं मत पहिल्याच महिन्यात झालं. वर्ष होत आलं, मत तेच आहे.

माझा किल्ट आहे १६ औंसाच्या वर्स्टेड, म्हणजे घट्ट पिळाच्या सुताच्या लोकरीचा, पूर्ण आठ यार्डांचा, कमरेपासून खालपर्यंत हाताने शिवलेला. १६ औंस हे दुप्पट पन्ह्याच्या एका यार्डाचं वजन. असे चार यार्ड घेऊन कापड मधोमध फाडतात आणि दोन तुकडे जोडतात, म्हणजे आठ यार्ड होतात. त्यामुळे तयार किल्ट पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. वजनाचा आकडा ऐकून घाबरू नका. हे वजन कमरेवर पसरलेलं असतं, आणि किल्टची सगळी मजा त्या वजनातच आहे. १० किंवा ११ औंसाचे हलके किल्ट मी मित्रांचे घालून पाहिले. ते खाली नीट पडत नाहीत, वारा आला की उडतात आणि त्यांच्या निऱ्या दिवसभरात ढिल्या पडतात. १३ औंस मधला पर्याय आहे. तरी एकच किल्ट घेणार असाल तर १६ घ्या.

मापं घेण्यातच अर्धा तास गेला. जीन्सच्या कमरेचा आकडा इथे कामाचा नाही, कारण किल्ट नाभीच्या पातळीवर, म्हणजे पँटपेक्षा चांगलाच वर बसतो. कंबर, नितंबांचा घेर आणि कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतची लांबी ही तीन मापं महत्त्वाची. शिवणाऱ्या बाईंनी मला जमिनीवर गुडघे टेकून बसायला लावलं आणि खालची कड जमिनीला टेकता कामा नये, जरा वरच राहिली पाहिजे, हे पट्टी लावून पाहिलं. लांबीबद्दल त्या इतक्या काटेकोर का, हे कापड हातात घेतल्यावर कळतं. किल्टची खालची कड दुमडून शिवलेली नसते, ती मागावरची मूळ किनारच असते. पाच मिलिमीटर खाली सोडायची म्हटलं तरी सोडायला कापड नसतं. घेर मात्र कमरेचे बकलांचे पट्टे सरकवून थोडा कमी-जास्त करता येतो.

आता निऱ्या. यावर मी कितीही बोलू शकतो.

टार्टनची, म्हणजे किल्टच्या चौकडीच्या कापडाची, नक्षी जिथे पूर्ण होऊन पुन्हा सुरू होते, त्या एका आवर्तनाला सेट म्हणतात. निऱ्या घालायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक निरीवर नक्षीतली एकच ठरावीक रेघ आणतात. ही सैन्यातल्या पलटणींची पद्धत. त्यात मागची बाजू पुढच्यापेक्षा वेगळीच दिसते. दुसरीत प्रत्येक निरीत कापडाचा एक अख्खा सेट दडवतात आणि वर तेवढाच तुकडा ठेवतात, की शेजारशेजारच्या निऱ्या मिळून मूळ नक्षी जशीच्या तशी उभी राहावी. मी हीच घेतली. नितंबांपाशी प्रत्येक निरी साधारण इंचभर दिसते. तिथून कमरेपर्यंत ती निमुळती होत जाते, तरी नक्षीची एकही रेघ मोडत नाही. आडव्या रेघा एका निरीवरून दुसरीवर सरळ जातात. आतून पाहिलं तर वरच्या भागातलं जादा कापड कापून काढलेलं, त्यावर कॅनव्हास आणि मग सुती अस्तर. म्हणूनच एवढं कापड असूनही कमरेला गाठोडं होत नाही. अशा एका किल्टला वीस-पंचवीस तासांचं हातकाम लागतं.

किल्ट घरी आला तेव्हा निऱ्यांवर आडवे पांढरे कच्चे टाके घातलेले होते, प्रवासात घडी मोडू नये म्हणून. ते मीच उसवले. शेवटचा दोरा ओढून काढल्यावर किल्ट हँगरला लावला आणि निऱ्या आपोआप एकमेकींवर बसल्या, एकही वाकडी नाही. डिसेंबरात पुण्याला भाच्याच्या लग्नाला तो घेऊन गेलो होतो. माझी मावशी आयुष्यभर ब्लाउज शिवत आली. तिने किल्ट उलटा करून चष्मा लावून पाहिला, निऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अरे, एकसुद्धा टाका वर दिसत नाही." हातात घेऊन पाहण्यासारखं काम आहे हे, आणि ज्याने सुई धरली आहे त्याला ते लगेच कळतं.

चालताना मागच्या निऱ्या उजवी-डावीकडे झुलतात आणि त्या झुलण्याला स्वतःचा एक ताल असतो. थोडं सरळ उभं राहून, पाऊल लांब टाकून चालावंसं वाटतं. पोटऱ्यांवर जाड लोकरी मोजे आणि कमरेभोवती लोकरीचे इतके थर असल्यावर जानेवारीतही थंडी वाजत नाही. उघडे असतात ते गुडघे, आणि गुडघ्यांना सवय होते. झिमझिम पाऊस वर्स्टेडवरून निथळून जातो. बसायची एक रीत आहे: बसताना हाताची मागची बाजू निऱ्यांवरून खाली फिरवून त्या अंगाखाली सपाट घ्यायच्या. स्पोरान, म्हणजे पुढची चामडी थैली, दोन मांड्यांच्या मध्ये पडते आणि पुढचं कापड जागेवर राहतं. चार दिवसांत हे अंगवळणी पडतं. आत काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

खरी कसोटी केलीत लागते. केली म्हणजे फिडल आणि अकॉर्डियनच्या तालावर सगळ्यांनी मिळून नाचायचा कार्यक्रम. 'स्ट्रिप द विलो'मध्ये एकेका हाताला धरून गरागरा फिरावं लागतं. निऱ्या गोल पसरतात आणि थांबल्याबरोबर परत घडीत बसतात. तो क्षण अनुभवल्यावर हलका किल्ट घ्यायची इच्छाच होत नाही. घाम मात्र येतो, भरपूर येतो.

टार्टन निवडताना मला बराच वेळ लागला. बरीच टार्टन एकेका स्कॉटिश कुळाच्या नावाने ओळखली जातात, मग तसं कुळाचं नाव नसलेल्याने टार्टन घालावं का, असं अनेक भारतीयांना वाटतं. कायद्याची काही आडकाठी नाही. कोणाच्याही कुळाशी न बांधलेली, प्रदेशांच्या नावाची कितीतरी टार्टन आहेत. २००९ पासून सरकारी नोंदवहीही आहे, स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स. तिथे घरबसल्या नक्ष्या बघता येतात. नमुन्यांच्या वह्या चाळताना मी मॅकेंझीपाशी थांबलो होतो. गडद निळ्या-हिरव्यावर पांढरी आणि लाल रेघ, फार देखणं आहे. पण ते ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं. ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्यांच्या फौजेविरुद्ध लढली, आणि असई आमच्या जालना जिल्ह्यात. कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायची बंदी झाली. सैन्यात गेलेल्यांना तेवढी सूट होती. १७८२ मध्ये बंदी उठली. ज्यांचा पोशाख हिरावला गेला, त्यांच्याच नातवंडांच्या पिढीला तो घालून आमच्याकडे लढायला पाठवलं गेलं, हे आठवल्यावर त्या नक्षीवर माझा हात ठरेना. मी 'आयल ऑफ स्काय' घेतलं. हेदरच्या रानफुलांचा जांभळा, डोंगरउतारांचा हिरवा. स्काय बेट पाहिलं असेल तर रंग कुठून आले हे सांगावं लागत नाही. इथल्या लोकांचा प्रतिसाद म्हणाल तर फार प्रेमाचा. बसथांब्यावर म्हातारी माणसं निऱ्या कशा घातल्यात हे वाकून पाहतात आणि कुणाकडून शिवला विचारतात.

तक्रारी आहेत. डाव्या बाजूचा पट्टा कापडातल्या ज्या चिरेतून बाहेर येतो, तिथली शिलाई काही महिन्यांत उसवायला लागली. शिवणाऱ्या बाईंनी ती पैसे न घेता पक्की करून दिली, पण एवढ्या किमतीच्या वस्तूत ती आधीच पक्की हवी होती. स्पोरानची साखळी मागे निऱ्यांवर घासते आणि तिथे लोकर चमकायला लागते. रोजच्या वापराला साखळीऐवजी चामडी पट्टाच बरा. किल्ट पिन (पुढच्या कडेला लावायची शोभेची पिन) फक्त वरच्या पदरात टोचायची, दोन्ही पदर एकत्र टोचले तर बसताना कापड फाटतं. आणि पुण्यात संध्याकाळच्या रिसेप्शनला तो छान वाटला, पण दुपारच्या मांडवात १६ औंस नको.

निगा सोपी आहे. ब्रशने झटकायचा, डाग पडला तर तेवढाच ओल्या फडक्याने टिपायचा, भिजला तर हवेवर वाळवायचा, रेडिएटरवर कधीच नाही. ड्राय क्लीनिंग अगदीच गरज पडली तर. हँगर क्लिपांचा आणि किल्ट कमरेपाशी धरलेला. प्रवासात घडी न घालता लांबीत गुंडाळून नळी करायची. कसरीची भीती खरी आहे. मावशीने बरोबर दिलेला कडुनिंबाचा वाळका पाला मी कपाटात ठेवतो, सोबत सीडारचे ठोकळे.

किंमत: स्कॉटलंडमध्ये असा हातशिलाईचा किल्ट साधारण ५०० ते ८०० पौंडांत पडतो. स्पोरान, मोजे, फ्लॅशेस (मोज्यांवरच्या रंगीत फिती), बूट वेगळे. ऑर्डर दिल्यावर काही आठवडे ते काही महिने थांबावं लागतं. एडिनबराच्या रॉयल माईल रस्त्यावर पर्यटकांसाठी टांगलेले अॅक्रिलिकचे किल्ट याच्या तुलनेत फुकट म्हणावेत इतके स्वस्त असतात, पण त्यांच्या निऱ्यांत ना खोली असते ना वजन. पैसे कमी असतील तर ते घेण्यापेक्षा जुना, हाताने शिवलेला, लोकरीचा शोधा. धर्मादाय दुकानांत आणि वापरलेल्या किल्टांच्या दुकानांत चांगले मिळतात. पट्टे हलवून घेर जुळवता येतो, फक्त लांबी तुमची असली पाहिजे. महागडं जाकीटही पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. जाड लोकरी स्वेटर, साधी चामडी स्पोरान आणि मजबूत बूट एवढ्यावर माझे सहा-सात महिने मजेत गेले. जाकीट आता शिवायला टाकलंय, करड्या ट्वीडचं (जाड लोकरी कापडाचं), आर्गाइल धाटणीचं, म्हणजे किल्टवर घालायच्या आखूड जाकिटाचं.