धुता येणारा रंग आणि महिनाभराची मुदत

मागील वर्षी दिवाळीपूर्वी आम्ही सिंहगड रस्त्यावरील आमची सदनिका आतून रंगवून घेतली. घरात दोन लहान मुले आणि वयोमानामुळे भिंतीला हात टेकत चालणारी आई असल्याने जुन्या डिस्टेंपरवर, म्हणजे पुसल्यास सुटणाऱ्या स्वस्त रंगावर, बोटांचे, खडूचे आणि तेलकट डाग कायमचेच होते. म्हणून या वेळी थोडा जास्त खर्च झाला तरी चालेल, पण ओल्या फडक्याने पुसता येईल असा वॉशेबल इमल्शनच लावायचा, असे आम्ही ठरवले. त्यात आमची जी फसवणूक झाली ती इतक्या साध्या पद्धतीने झाली की, ती इतर कोणाचीही होऊ शकेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

ओळखीच्या ओळखीतून आलेल्या कंत्राटदाराने भिंती व छत मिळून 24 ब्रास, म्हणजे 2,400 चौरस फूट, काम मोजले आणि सामानासह चौरस फुटाला 26 रुपये, म्हणजे एकूण 62,400 रुपये दर सांगितला. त्यात जुना रंग खरवडणे, लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, प्रायमरचा एक हात आणि भिंतींना इमल्शनचे दोन हात एवढे काम धरले होते. दिवाळी तोंडावर असताना पुण्यात पेंटर मिळणे किती कठीण असते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे निम्मी रक्कम आगाऊ देताना आम्ही फारशी घासाघीस केली नाही. पहिल्याच दिवशी त्याने नामांकित कंपनीची 20 लिटरची सीलबंद बादली दिवाणखान्यात आणून ठेवली आणि "साहेब, सील बघून घ्या, फोटो काढून ठेवा, नंतर तक्रार नको," असे स्वतःहून सांगितले. मी फोटो काढला आणि निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी ती बादली दिसली नाही. विचारल्यावर, तिच्यातील बक्षिसाचे टोकन पेंटरचे असते, म्हणून रंग दुसऱ्या डब्यांत ओतून घेतला आणि बादली नेली, असे उत्तर मिळाले. रंगकंपन्या पेंटरांसाठी अशी टोकने ठेवतात हे खरेच असल्याने मला त्यात वावगे वाटले नाही. काम संपताना त्याने आणखी एक सूचना केली की, महिनाभर भिंतींना ओले फडके लावू नये. हीदेखील खोटी नाही. रंग हाताला काही तासांत कोरडा लागत असला तरी त्याचा थर पूर्ण पक्का होऊन घासणे सोसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. परंतु या खऱ्या सूचनेचा उपयोग त्याने आडोसा म्हणून केला. कारण रंग धुता येतो की नाही हे तपासण्याची मुदत सुरू होण्यापूर्वीच, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मी त्याला शेवटचा रुपयाही देऊन मोकळा झालो होतो.

सव्वा महिन्याने धाकट्याने जेवणाच्या टेबलामागे मेणखडूने आगगाडी काढली. पत्नीने साबणाच्या पाण्यात फडके पिळून हलकेच पुसले, तर आगगाडीसह रंगही फडक्यावर आला आणि खालची पांढरी लांबी दिसू लागली. फोनवर कंत्राटदाराने आधी साबण जास्त झाला असेल म्हटले, मग भिंतीला ओल असेल म्हटले. ती भिंत दोन खोल्यांच्या मधली आहे, तिला बाहेरचा पाऊस लागत नाही, जवळपास नळ नाही आणि तिच्यावर कुठे फुगा किंवा पांढरा क्षारही नव्हता. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

खरा उलगडा रविवार पेठेतील एका रंगाच्या दुकानात झाला. माझ्या मोबाइलमधील फोटो पाहून दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "झाकणावर शेडचं स्टिकर कुठे आहे?" आम्ही निवडलेली फिकट बदामी छटा यंत्रावर बेसमध्ये, म्हणजे छटा न मिसळलेल्या मूळ रंगात, रंग मिसळून तयार होते आणि तसे केल्यावर दुकानदार छटेचा क्रमांक असलेले स्टिकर झाकणावर लावतो. फोटोतील बादली कोऱ्या बेसची होती. छटा मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, पण न उघडलेली कोरी बादली परत जाऊ शकते. तेव्हा मला गॅलरीत पडलेल्या पिवळ्या आणि तपकिरी स्टेनरच्या, म्हणजे हाताने छटा मिसळण्याच्या रंगाच्या, रिकाम्या बाटल्या आठवल्या. भिंतींवर लागले होते ते हाताने स्टेनर ढवळलेले साधे डिस्टेंपर.

थोडा हिशेब केला असता तरी संशय यायला हवा होता, आणि माझे पोट हिशेबावरच चालते हे येथे कबूल करतो. आमच्या नुसत्या भिंती सुमारे 1,700 चौरस फूट आहेत. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण 120 ते 140 चौरस फूट पुरतो, म्हणजे 14 लिटर पुरे होते. 20 लिटरच्या बादलीतून टचअपसाठी पेलाभरही रंग का उरला नाही, हे मी विचारलेच नाही.

दुसऱ्या पेंटरने सांगितले की, भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन मारले तर पापुद्रे निघतील, त्यामुळे भिंती पुन्हा खरवडून, घोटून, प्रायमर मारूनच पुढे जावे लागले. हा खर्च मूळ रकमेच्या निम्म्याहून अधिक झाला. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मार्गदर्शन मिळाले आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते हेही कळले, परंतु माझ्याकडे जीएसटी क्रमांक नसलेले कच्चे बिल आणि एक फोटो एवढाच पुरावा होता. नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवल्यावर कंत्राटदाराने 15,000 रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी मी पुढे गेलो नाही.

या वेळी मात्र रंग माझ्या नावाच्या पक्क्या बिलावर मीच आणला, झाकण माझ्यासमोर उघडायला लावले, आणि मजुरीचा पाचवा हिस्सा महिन्यानंतर दाराआडची भिंत ओल्या फडक्याने पुसून पाहिल्यावर देण्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतले. नव्या पेंटरने त्याला जराही आढेवेढे घेतले नाहीत. ठरल्या दिवशी फडके त्यानेच मागितले. स्टिकर असलेली ती बादली उरलेल्या रंगासह माळ्यावर आहे आणि मुलांनी स्विचबोर्डाभोवती खराब केलेल्या जागी मारलेले दोन टचअप आता शोधूनही सापडत नाहीत.