जुने ड्रम माइक घेताना माझे २३,३५० रुपये कसे गेले

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या मागच्या खोलीत कमी खर्चात ड्रमचे रेकॉर्डिंग करता यावे, म्हणून जुने माइक घेण्याच्या व्यवहारात माझे २३,३५० रुपये बुडाले. टोकन ३,००० रुपये, माल निघण्याआधी १८,५०० रुपये आणि ‘पॅकिंग व विमा’ या नावाखाली १,८५० रुपये, सगळे यूपीआयने. ‘स्टुडिओ बंद करतोय, पूर्ण संच एकदम द्यायचा आहे’ अशा जाहिराती कशा असतात, हे आपण सगळे जाणतो.

मी या विषयात अगदीच कोरा नव्हतो. भिंतींवर सोलापुरी चादरी टांगून सिंबलचा खणखणाट आटोक्यात आणला होता (किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, घुमघुम चादरींनी जात नाही, त्यासाठी आणखी चादरी घेऊ नका). ड्रमच्या वरचे दोन कंडेन्सर माइक स्नेअरपासून, म्हणजे वादकासमोरच्या छोट्या ड्रमपासून, सारख्या अंतरावर सुतळीने मोजून लावायचे, एक माइक किकला, एक स्नेअरजवळ, आणि चार माइक जोडता येणाऱ्या साउंड कार्डावर भागवायचे, असा माझा हिशेब होता. जाहिरातीत शुअरचे दोन एसएम ५७, किकचा एक माइक आणि कंडेन्सरची जोडी होती, आणि किंमत नव्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे जुन्या मालाला शोभेल अशीच होती. ती याहून कमी असती तर मीही सावध झालो असतो.

व्हिडिओ कॉलवर माल दाखवताना विक्रेत्याने विचारले, ‘तुमच्या कार्डात ४८ व्होल्ट आहे ना? सत्तावन्नला लागेल.’ एसएम ५७ हा डायनॅमिक माइक आहे. त्याला फँटम पॉवर, म्हणजे कार्डातून माइकला मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, लागत नाही, ती कंडेन्सरला लागते. स्टुडिओ चालवल्याचे सांगणारा माणूस हे वाक्य बोलतो आणि मी ‘हो, आहे’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो, याचा मला आजही संताप येतो. समोर कंडेन्सरही मांडलेले होते, त्यामुळे बोलण्याच्या ओघात गल्लत झाली असेल, असे कोणालाही वाटले असते. तरीही फोन तिथेच ठेवायला हवा होता.

पार्सलमध्ये फक्त दोन ‘५७’ आले. उरलेला माल दुसऱ्या पार्सलने येणार होता, तो आलाच नाही. स्नेअरवर लावताच आवाज पातळ आणि कानाला टोचणारा आला. शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर एक माइक २१८ ग्रॅम भरला. अस्सल एसएम ५७ चे वजन २८४ ग्रॅम असते. मूठ उघडली तर आत ट्रान्सफॉर्मरच नव्हता. विक्रेत्याला चालू कॉलवर माइक काट्यावर ठेवायला सांगा. टाळाटाळ केली तर एक रुपयाही पाठवू नका.

यापुढचा छळ अधिकृत होता. दुसऱ्या पार्सलची वाट पाहून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा रक्कम त्या खात्यातून पुढे गेलेली होती, म्हणून शंका येताच फोन करा, ‘बघू दोन दिवस’ म्हणू नका. बँकेने, पिन तुम्हीच टाकला, एवढे सांगून हात झटकले. पोलीस ठाण्यात, माल मिळाला आहे ना, मग हा दिवाणी वाद आहे, असे ऐकवून मला सायबर कक्षाकडे धाडले. तिथे, आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला दिसतो, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी, एका ड्रमवादकाने, गणवेशातल्या माणसाला सांगायचे आणि त्यावर ‘आम्हाला कायदा शिकवू नका’ हे ऐकून घ्यायचे! बनावट माल खरा म्हणून विकणे ही फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कोणासाठी लिहिले आहे? अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेले असत. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका, आणि पैसे पाठवण्याआधीचे सगळे संदेश जपून ठेवा, कारण माझ्याकडचे निम्मे विक्रेत्याने स्वतःच्या बाजूने पुसून टाकले.

तीच छायाचित्रे आता दुसऱ्या नावाने पुन्हा जाहिरातीत आली आहेत. किक ड्रमच्या आत लाल उशी आणि स्टँडला पिवळी चिकटपट्टी दिसली, तर संपर्क करू नका.