राइख वाचायचा, तर आधी कोणतं पुस्तक?

मनोविश्लेषक विल्हेल्म राइखची ‘कॅरेक्टर अ‍ॅनालिसिस’ आणि ‘द मास सायकॉलॉजी ऑफ फॅसिझम’ ही दोन्ही पुस्तकं १९३३ सालचीच. पहिलं दवाखान्यातलं. रुग्ण काय सांगतो यापेक्षा कसा सांगतो, याकडे राइख बघतो. अति अदबीनं वागणारा रुग्णही त्याला खटकतो. ती अदब म्हणजे मनावर चढवलेलं चिलखतच. दुसरं रस्त्यावरचं. गरिबीनं पिचलेली माणसं हिटलरमागे का गेली, याचं उत्तर तो घरातल्या बापाच्या धाकात आणि दडपलेल्या लैंगिकतेत शोधतो. प्रश्न बिनतोड, उत्तर मात्र एकसुरी. नाझी स्वस्तिकातही त्याला एकमेकांत गुंतलेली दोन शरीरं दिसतात! मी पहिल्यालाच झुकतं माप देईन. फक्त नंतरच्या आवृत्तीत घुसलेला ‘ऑर्गोन’ ऊर्जेचा, म्हणजे त्यानं कल्पिलेल्या विश्वव्यापी जीवनशक्तीचा, भाग खुशाल गाळा.