राणी रासमणीच्या कोलकात्यातली पायी सहल : बाकी उत्तम, शेवट तेवढा अपुरा

राणी रासमणी म्हणजे दक्षिणेश्वरचं कालीमंदिर बांधणारी एकोणिसाव्या शतकातली जमीनदार बाई. कोलकात्यात तिच्या खुणा दाखवणारी अर्ध्या दिवसाची सहल मी नणंदेबरोबर केली. बाबूघाट, जानबाजार आणि तिथून मेट्रोने दक्षिणेश्वर. पैसे वसूल झाले. पाचापैकी चार तारे देते. पाचवा का राखून ठेवला, ते पुढे येईलच.

वाटाड्या तरुण होता, हिंदी स्वच्छ, आणि पाठ केलेलं म्हणून दाखवत नव्हता. सुरुवात बाबूघाटावर. जाडजूड खांबांचा हा घाट १८३० साली बाबू राजचंद्र दास यांनी, म्हणजे रासमणीच्या यजमानांनी बांधला. तेलमालिश करणारे, फेरीबोटीची गर्दी, ओल्या कपड्यांतली माणसं, सगळं चालू असतानाच त्याने गोष्ट सुरू केली. हालिसहरजवळच्या कोना गावातली गरिबाघरची मुलगी, जन्म १७९३चा, जात कैवर्त, तेव्हा शूद्र मानलेली. लग्न होऊन जानबाजारच्या गडगंज घरात आली. १८३६ मध्ये यजमान गेले. पदरी मुलीच, आणि मागे अफाट जमीनदारी.

मासेमारीची गोष्ट नदीसमोर उभं राहून ऐकावी. कंपनी सरकारने गंगेत जाळी टाकायला कर लावला, कोळी तिच्याकडे आले. तिने दहा हजार रुपये मोजून घुसुडी ते मटियाबुर्ज हा नदीचा पट्टाच इजाऱ्याने, म्हणजे ठेक्याने घेतला आणि पात्रात लोखंडी साखळ्या ताणल्या. जहाजं अडली. जाब विचारला तेव्हा तिचं उत्तर तयार होतं : इजारा माझा आहे, जहाजांच्या ये-जा करण्याने मासे पळतात. कर मागे घ्यावा लागला, असं सांगतात.

जानबाजारचा वाडा बाहेरूनच पाहायचा, आत कुटुंबं राहतात. इथे द्वारकानाथ टागोरांचा, म्हणजे रवींद्रनाथांच्या आजोबांचा किस्सा ऐकला. राजचंद्रांकडून त्यांनी दोन लाखांचं कर्ज घेतलं होतं. यजमान गेल्यावर तेच इस्टेटीचा कारभार पाहायला तयार झाले. बाई म्हणाली, आधी येणं वसूल होऊ दे. कर्जाच्या बदल्यात जमीन पदरात पडल्यावर तिने कळवलं की कारभार जावई मथुरमोहन पाहतील. आपल्या माणसाला इथे अहिल्याबाई आठवणारच, नणंदेलाही आठवल्या. पण अहिल्याबाईंच्या हाती राज्य होतं. हिच्या हाती होते ते कागद, आणि तिला ते वाचता येत होते.

दक्षिणेश्वरला दुपारी मंदिर बंद असतं, म्हणून सकाळची तुकडीच घ्या. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. स्कायवॉकवरून चालताना नणंदेच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही, हे मुद्दाम लिहिते. नऊ शिखरांचं कालीमंदिर, नदीकडे बारा शिवमंदिरं, रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदामाता राहत ती नौबतखान्याची इवलीशी खोली, सगळं निवांत दाखवलं. १८४७ ला काम सुरू झालं, ३१ मे १८५५ ला प्रतिष्ठा. एवढा पैसा ओतूनही तिच्या जातीमुळे ब्राह्मण पुजारी मिळेना. रामकुमार चट्टोपाध्यायांनी तोड सुचवली की मंदिर आधी ब्राह्मणाला दान करा, मग नैवेद्याला दोष नाही. तेच पहिले पुजारी झाले, आणि त्यांच्यामागून त्यांचा धाकटा भाऊ आला, ज्याला जग रामकृष्ण परमहंस म्हणून ओळखतं. नंतर हिंगाची कचोरी आणि बटाट्याची भाजी. गरम खाल्ली, पुन्हा मागितली.

आता पाचवा तारा. रामकृष्णांच्या खोलीपाशी वाटाड्या इतका रमला की रासमणीचा मृत्यू एका वाक्यात आटोपला : “१८६१ मध्ये त्या वारल्या.” माझी सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली आहे. मला हे वाक्य पचलं नाही. देवळाच्या खर्चासाठी तिने दिनाजपूरची जमीन दोन लाख सव्वीस हजारांना घेऊन ठेवली होती, पण ती देवाच्या नावे करून देणारा दस्त व्हायचा होता. आजार बळावल्यावर १८ फेब्रुवारी १८६१ ला तिने त्यावर सही केली. हयात दोन मुलींपैकी धाकट्या जगदंबेने संमतीची सही दिली, थोरल्या पद्ममणीने दिली नाही. दुसऱ्याच दिवशी आदिगंगेच्या, म्हणजे गंगेच्या जुन्या प्रवाहाच्या काठी, कालीघाटच्या घरात बाई गेली. पद्मने सही केली नाही, आता कसं व्हायचं, ही काळजी तिच्या ओठांवर होती असं सांगतात. पुढे वारसांत कोर्टकज्जे झालेच.

हक्कसोडपत्रावर सही न करणारी बहीण आणि बाकावर बसलेली म्हातारी आई मी टेबलापलीकडून पाहिली आहे. दोघींपैकी कोणाला चूक म्हणायचं, हे मला कधी ठरवता आलं नाही. पद्ममणीचंही काही म्हणणं असेलच. आयुष्यभर सरकारला आणि बड्या कर्जदाराला कागदावर पुरून उरलेली बाई शेवटच्या दिवशी पोटच्या मुलीच्या सहीसाठी अडली, हे सांगितल्याशिवाय तिची सहल पूर्ण कशी होईल?

कालीघाट स्टेशन दक्षिणेश्वरच्याच मेट्रो मार्गावर आहे. आदिगंगेचा काठ सहलीत घ्या आणि त्या दस्ताला दहा मिनिटं द्या, असं मी आयोजकांना लिहून दिलं आहे. तोवर तुम्ही गेलात तर वाटाड्याला पद्ममणीबद्दल विचारा. मुलगा अभ्यासू आहे, विचारलं की सांगतो.