१९,१५० रुपयांचा व्हिक्टोरिया राणीचा चाकू

लाज वाटतेय लिहायला, पण मला नकली जुना चाकू विकणारा माणूस परवा नवीन नावाने तेच फोटो टाकत होता म्हणून लिहितो.

पंधरा वर्षं जुने खिशातले चाकू जमवतोय, नवखा नाही मी. आजोबांचा रॉजर्स कंपनीचा चाकू आजही खिशात असतो, पेरू कापायला, पेन्सिल तासायला. त्याला जोडीदार शोधत होतो आणि गळाला लागलो. जोसेफ रॉजर्स, इंग्लंडमधलं शेफील्ड, दोन पाती, सांबरशिंगाची मूठ, तारा आणि माल्टीज क्रॉसचा कंपनीचा छाप, वर व्ही-आर (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं) आणि मध्ये मुकुट. ‘१८८० चा आहे दादा, वाड्यातून निघालाय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.’ टोकन ५,०००, मग १३,५००, कुरिअर ६५०. टोकन मागितलं की समजून जायचं, मी नाही समजलो.

तिसऱ्या फोटोत पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात ‘स्टेनलेस’ होतं. झूम करून वाचलं होतं हो मी! हॅरी ब्रेअर्लीने स्टेनलेस स्टील काढलं १९१३ ला, ते पण शेफील्डलाच, आणि राणी गेली १९०१ ला, झोपेतून उठवून विचारा, सांगेन. तरी स्वतःलाच पटवलं की पातं नंतर बदललं असेल. रात्री साडेअकराला, बायको झोपल्यावर, पैसे पाठवले. मूठ दिसतच होती तशी, कोणीही भुललं असतं.

आला तो लुळा. उघडताना ना दाब ना टक्. (व्हिडिओ कॉलवर उघडबंद करायला लावा, आवाज ऐका, फोटोवर जाऊ नका.) पात्यावर लिंबाची फोड ठेवली, आजोबांच्या चाकूवर तासाभरात काळा डाग पडतो, हा सकाळी पण लखलखीत, म्हणजे स्टेनलेसच. तापलेली सुई मुठीला टेकवली तर प्लास्टिकचा वास.

फोन केला तर म्हणतो, ‘करा तक्रार, सांबरशिंग घेतलं म्हणून तुम्हीच आत जाल.’ या धमकीपायी चार दिवस गप्प बसलो, तीच दुसरी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला त्याच तासात फोन करा. आणि कोणी खरं शिंग म्हणाला तर तिथूनच फुटा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती भानगड आहेच.

बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. ठाण्यात तीन खेपा. ‘एवढे पैसे चाकूला? करता काय चाकूचं?’ पातं तीन इंच, आर्म्स ॲक्टच्या (शस्त्र कायद्याच्या) नियमात परवाना लागतो नऊ इंचांच्या वर, हे मी त्यांना सांगायचं, मग पट्टी शोधण्यात वीस मिनिटं. मग विचारतात, शिंग खरं आहे का? म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! शेवटी लायटर मागून, सुई तापवून मीच सिद्ध केलं, साहेब, प्लास्टिक आहे, मला फसवलंय. सगळे हसले. ‘वस्तू तर मिळाली ना, मग हे सिव्हिल मॅटर.’ तक्रार घेतली नाही, चाकू मात्र पुरावा म्हणून ठेवून घेतला, त्याचीही पावती दिलेली नाही.